पुलावर अडलेली सोयरीक

आमचं गाव कृष्णेतल्या बेटावर. चारी बाजूंनी पाणी, जायला-यायला नाव. मी कुंडलची. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं डोळ्याला पदर लावला होता, "पाण्यात पोरगी दिली गं बाई." पण मला दिली तरी. माझ्या धाकट्या दिराला, भाऊजींना, कोणी पोरगीच देईना. पाहुणे यायचे, चहा पिऊन "कळवतो" म्हणायचे. कळवलं एकानंही नाही, मेल्यांनी!

शेवटी विट्याची एक सोयरीक जुळत आली. पोरगी आणि भाऊजी फोनवर तासन्‌तास बोलायचे. तिच्या वडिलांचं, दादांचं, कोइमतूरला गलाईचं दुकान, सोनं गाळायचं. माणूस रोखठोक. आमच्या गावाला पूल व्हायचा होता, ग्रामसभेचा ठराव तेवढा बाकी. म्हणाले, "पुलाचा ठराव झाला तर सुपारी फोडू. न्हाईतर रामराम."

आणि पूल अडवून कोण बसलेलं? माझेच सासरे! मामंजी फौजेतले, एकदा न्हाई म्हणाले की न्हाई. त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा. आराखड्यात पूल एवढासा आणि दोन्हीकडून मातीचा उंच भराव. महापूर आला की पाणी त्या भरावाला तटणार आणि खालच्या आळीत घुसणार. मामंजींना खांबांचा लांब पूल हवा होता. पुलाचे सरकारी साहेब म्हणाले, तो मागाल तर पहिल्यापासून सुरुवात, मग किती वर्षं लागतील ते देवालाच ठाऊक. भाऊजींनी बापाशी बोलणंच टाकलं. एका घरात दोघं मुके, आणि मधे मी.

ग्रामसभेला सगळं गाव देवळापुढं जमलं. खालच्या आळीतली एक म्हातारी आमच्याकडं बघून ओरडली, "तुमची वरात जाऊ द्या पुलावनं, आमची भांडी जाऊ द्या वाहून!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंड उघडायची सोय नव्हती, बाई खरंच बोलत होती.

ग्रामसेवक म्हणाले, "पूल पाहिजे त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर झाले. माझाही झाला, खोटं कशाला बोलू? पुढं बघते तर मामंजींचा हात वर! मान मात्र खाली. लेकासाठी माणूस स्वतःचा शब्द मोडत होता.

भाऊजी मागून तरातरा आले. वाटलं, आता बापाच्या पाया पडतील. त्यांनी तो हात धरला आणि खाली घेतला.

"आबा, ऱ्हाऊ द्या. लोकांच्या घरात पाणी घालून मला बायकू नगं."

मग बाकीचेही हात एकेक करून खाली आले. ठराव पडला.

घरी येऊन मी भांडी आपटली. रडले. जळ्ळं मेलं ते शहाणपण! तेवढ्यात फोन वाजला, विट्याचा. भाऊजी उठून गोठ्यात गेले. "वैनी, तुमीच सांगा."

पलीकडं पोरगीच होती. मी सगळं सांगितलं, हात कोणी खाली घेतला तेही सांगितलं. माझा जीव टांगणीला.

"दादांचं मी बगते," ती म्हणाली. "पर त्येंनी सकाळधरनं काय खाल्लं नसंल. आदी जेवाय वाढा त्येंना, जाऊबाई."

जाऊबाई म्हणाली! सोयरीक मोडणारी पोरगी जाऊबाई म्हणत नसते. मी फोन तसाच घेऊन गोठ्याकडं पळाले.