दादाला सगळे हाफिज म्हणायचे

माझा थोरला भाऊ लहानपणी देवी आल्या त्यात आंधळा झाला. डोळे गेले, पण गळा असा राहिला की आमच्या तेर गावच्या नदीवर तो गवळण म्हणायला लागला की धुणं धुणाऱ्या बाया पिळा हातात धरून तशाच उभ्या राहायच्या. मी त्याची धाकटी बहीण. त्याला हाताला धरून सगळीकडं मीच न्यायची. त्यामुळं त्याला कुठं कुठं नको म्हणाले, ते सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

देवळातल्या भजनात त्याला खांबाआड बसवायचे. आवाज पाहिजे, तोंड नको! आमच्याच चुलत बहिणीच्या लग्नात त्याला मांडवात येऊ दिलं नाही, म्हणे शुभकार्यात समोर आंधळा कशाला. एकदा गावात तमाशाचा फड उतरला, तर आई त्याला तिथंही घेऊन गेली. फडाच्या मालकानं गाणं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "बाई, गळा लई गोड हाय, पर लोक माझ्याकडं बघाया येत्यात, नुसतं ऐकाया न्हाय." मेल्याला दुसरं काही सुचलं नाही. आता राहिलं काय, तर बाजारात फडकं पसरून बसणं. शेजारपाजारचे आईला तोंडावर तेच सांगायचे. आईचा मात्र एकच हेका, "माझं लेकरू भीक मागणार न्हाय. त्याच्या गळ्यासाठी कुणीतरी बोलवंल त्याला."

बाजारातले अत्तरवाले, बांगड्यावाले मुसलमान मोठे अदबीचे. दादा दिसला की "आओ हाफिजजी" म्हणून सरकून जागा द्यायचे. ऐकून ऐकून गावानंही तेच नाव उचललं. दादाला ते लई आवडायचं. कुणी तशी हाक मारली की त्याची मान ताठ व्हायची.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. धाराशिवच्या एका बड्या हाकिमाचा, म्हणजे निजामाच्या अंमलदाराचा, चपराशी गावात आला. पाटलाच्या ओट्यावर बसून विचारू लागला, "गाव में कोई हाफिज है क्या? रोज्यों के महिने में बंगले पे रहना. आवाज अच्छी होना. खाना-कपडा वहींच." पाटील म्हणाला, "है ना, हमारे इधरच है!" आणि आमच्या घराकडं बोट दाखवलं. चपराशीही घाईत होता. आंधळा आहे आणि आवाजाचा आहे, एवढं ऐकून त्याला पुरलं.

आईचं काय सांगू! ती घरभर नाचायचीच बाकी राहिली. "बोलावणं आलं का न्हाय? हाकिमाच्या बंगल्यावर गाणार माझा ल्योक!" शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणली, दादाला न्हाऊ घातलं, धुतलेलं धोतर नेसवलं, गळ्यातली तुळशीची माळ वर काढून नीट ठेवली. मला बरोबर दिलं. वाटभर दादा हळू आवाजात गवळणी घोळवत होता.

बंगल्यावर हाकिम होते, शेजारी पांढऱ्या दाढीचे एक मौलवी. "सुनाइए हाफिजजी," हाकिम म्हणाले. दादानं हात जोडले आणि गवळण सुरू केली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दारातले नोकर तोंडावर हात धरून हसायला लागले. मौलवींनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं आणि पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतलं. मग खाली वाकून विचारलं, "बेटा, कुरआन याद है?"

"न्हाय जी," दादा म्हणाला. काहीतरी चुकलंय हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो घाईघाईनं बोलायला लागला, "पर शिकवा जी. एकदा ऐकलं की माझं पाठ हुतंय. खांबाआड बसवा, कुठंबी बसवा, म्या म्हणंन."

"उसको बरसां लगते, बेटा. और..." त्यांची नजर तुळशीच्या माळेवर गेली आणि त्यांनी बावर्च्याला हाक मारली.

आम्हाला पोटभर जेवू घातलं. वाढता वाढता बावर्च्यानं मला सगळं समजावून सांगितलं. ज्याला अख्खं कुराण तोंडपाठ तो हाफिज. त्यांच्यात आंधळी पोरं बहुतेक त्याच शिक्षणाला घालतात. म्हणून कुठलाही आंधळा दिसला की त्याला मानानं हाफिजजी म्हणायचं. "तोंड पे अंधा कैसा बोलना, बेटी?"

गाडीत दादानं विचारलं, तेव्हा मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजी ते माझ्या गाण्याला न्हवते म्हणत," तो म्हणाला.

"न्हाय."

"मला वाटायचं, हाफिज म्हंजी गवई."

"चांगल्या मनानं म्हणत्यात, दादा," मी म्हणाले.

"व्हय की. आंधळाच म्हणत्यात, पर चांगल्या मनानं."

गावात आठवडाभर नुसता हशा. "का हो हाफिजजी, रोजा सोडला का?" म्हणून पोरं विचारायची. पाटील तर हसून हसून ठसका लागेपर्यंत ती गोष्ट सांगायचा, जसं काही आमच्या घराकडं बोट त्यानं दाखवलंच नव्हतं. आई कुणाशी भांडली नाही.

पुढच्या बाजाराला तिनं दादाला स्वतः हाताला धरून नेलं. चिंचेखाली फडकं पसरलं, त्याला बसवलं आणि म्हणाली, "म्हण." तो म्हणायला लागला. आवाज तोच होता, देवाशपथ, तसूभरही कमी नव्हता. आई त्याच्या शेजारी उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं पदर पसरून सांगू लागली, "आंधळं हाय हो, काहीतरी घाला." त्याच्या गळ्याचं तिनं नावसुद्धा काढलं नाही.