लेकीच्या मुक्कामाचे पैसे

आमच्याकडं माहेरी आलेल्या लेकीकडून पैसे घेत नाहीत. घरी राहू दे नाहीतर बाहेर लॉजवर, तिचा खर्च भावांचा. आमच्या गावात, कोऱ्हाळ्यात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पुण्यातल्या आमच्या साहेबांना मात्र मी महिनाभर शिकवलं, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

मी बारामतीत घरी बसून त्यांच्या कंपनीच्या ॲपचं काम करते. मिळून सहलीला गेलेल्यांच्या मुक्कामाचा खर्च वाटून देण्याची सोय त्यात करायचं काम माझ्याकडं होतं. कोण कुठल्या खोलीत झोपलं, कुणी एसी घेतला, ते टाकलं की प्रत्येकाचा वाटा निघतो आणि ज्याच्या त्याच्या फोनवर मेसेज जातो. मी त्यात एक बटण ठेवलं होतं, 'यांचा वाटा माझ्याकडे'. ते दाबलं की त्या माणसाला मेसेज जायचाच नाही. भावानं बहिणीचं भरलं, विषय संपला, बोभाटा नाही. साहेबांनी ते बटणच उडवलं. "हे तुमचं गावाकडचं इमोशनल प्रकरण आहे. आपल्याला पारदर्शकता हवी."

पारदर्शकता म्हणे! स्वतः दरवर्षी सासऱ्यांच्या खर्चानं महाबळेश्वरला जाऊन येतात, तेव्हा कुठं असते ती?

मग चाचणीसाठी त्यांना खराखुरा ग्रुप हवा झाला. आम्ही घरचे कोकणात निघालोच होतो, तोच ग्रुप घ्यायचं ठरलं. अण्णा म्हणजे माझे वडील, आई, चुलता-चुलती आणि इंदापूरहून आत्या. आत्याला सासरी कुणी कधी कुठं नेलं नव्हतं. "माझं भाऊ मला समुद्र दावाय नेत्यात," असं ती अख्ख्या आळीला सांगून आली होती. तिचा नंबर टाकतानाच मी साहेबांना बजावलं, हिला मेसेज जाता कामा नये. "करतो बंद," म्हणाले. कसलं करतात!

आम्ही परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मेसेज गेला. आत्याचा फोन सोप्यात चार्जिंगला होता. तिच्या जावेनं तो उचलला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. 'तुमच्या मुक्कामाचे पैसे बाकी आहेत. कृपया लवकर भरा.' सासू म्हणाली, "लई मिरवत व्हतीस की माहेर माहेर म्हणून. लॉजचं पैसं मागत्यात व्हय तुझं भाऊ?"

आत्यानं काय केलं असेल? भावांचं नाव खाली पडू दिलं नाही. "मीच म्हणलं व्हतं, माझं मी देणार म्हणून. त्यांचं काय न्हाय त्यात." आणि आपल्या सुनेला म्हणाली, "भर बाई लगोलग." हे सगळं मला त्या सुनेनंच फोन करून सांगितलं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दुपारी मीटिंग. साहेब खुशीत. स्क्रीनवर आत्याचा वाटा दाखवत म्हणाले, "बघा, सगळ्यात आधी कुणी भरले? गावाकडच्या बाईंनी. सिस्टीम चालतेय." मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांना राग आला नाही, हे आणखी वाईट. शांतपणे म्हणाले, "अहो, मग रिफंड द्या की. त्याचं बटण आहे."

रिफंड! सासूच्या तोंडून निघालेलं वाक्य कुठल्या बटणानं परत घेऊ? अरे, जरा तरी कळू दे माणसाला!

अण्णा तडक इंदापूरला गेले. पैसे तिनं घेतले नाहीत. साडी घेतली, चहा पाजला, हसून बोलली. अण्णांना वाटलं, मिटलं.

परवा नरसिंहपूरला आमच्या कुलदेवाला जायचं ठरलं. एक रात्र तिथंच राहायचं. अण्णांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला. "गाडी पाठवतो, तयार राहा."

"मुक्काम हाय का रं दादा?"

"हाय की, एक रात."

"मग माझं किती बसत्याल ते आत्ताच सांग," आत्या म्हणाली. "जमत असलं तर येते. न्हायतर तुमी जाऊन या."