ओवीसाठी बदललेली चाकं

सलिलने आपल्या स्पोर्टी गाडीला हौसेने मोठी अलॉय व्हील्स आणि पातळ टायर बसवले होते. घटस्फोटानंतर सहा वर्षांची ओवी त्याला फक्त रविवारी भेटे. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुझी गाडी फार आदळते. आईची नाही आदळत."

दुसऱ्याच दिवशी तो टायरच्या दुकानात गेला.

"अहो साहेब, लोक मोठी चाकं मागतात, तुम्ही लहान? गाडी म्हातारी दिसेल!" दुकानदार हसला.

"दिसू दे. लहान चाकांवर जाड टायर बसवा, खड्डा जाणवता कामा नये."

रविवारी संध्याकाळी तो ओवीला कोथरूडला सोडायला निघाला. एरवी खड्ड्यांवर कुरकुरत ती वाटभर बडबडायची. आज गाडी पाळण्यासारखी चालली आणि खडकी ओलांडण्याआधीच ती झोपली. दारात सलिलने झोपलेली लेक अलगद तिच्या आईच्या हातात दिली. एरवी तो आठवडाभर पुरवायचा ती बडबड आज त्याला मिळालीच नाही.