सुनेत्राबाईंची रानफुलांची पट्टी

सुनेत्रा देवपुजारी मूळच्या यवतमाळच्या. नवरा शशिकांत विद्यापीठात शिकवायचा, म्हणून १९७९ साली त्या चंदीगडला आल्या आणि एका शाळेत जीवशास्त्र शिकवू लागल्या. शाळेपुढे हिरवळ होती, हिवाळ्यात पिटुनिया आणि पॅन्सीच्या कुंड्या लागत. पण सुखना तलावामागच्या टेकड्यांवर काय फुलतं, हे वर्गात एकालाही सांगता आलं नाही.

शाळेच्या मागच्या भिंतीलगत एक पडीक पट्टी होती. बाईंनी ती मागून घेतली. शाळेचा माळी विश्राम, उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा. रविवारी दोघं टेकड्यांवरून बिया आणि कंद आणायचे.

"मॅडमजी, ये तो घास है," विश्राम सुरुवातीला म्हणाला. चार वर्षांत तिथे अडुळसा, निळी कोरांटी, कळलावी आणि शंखपुष्पी मावेनाशी झाली. तरी मुख्याध्यापिका सरोज मल्होत्रा पाहुण्यांना तिकडे नेत नसत.

१९८७च्या पावसाळ्यात शहराबाहेर खलिस्तानी अतिरेक्यांनी बसमधल्या प्रवाशांना गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी एक पोलीस अधिकारी शाळा पाहायला आला. पट्टीपाशी थांबून म्हणाला, "बहनजी, इसमें आदमी छिप सकता है. कल तक साफ करवा दीजिए."

"घुटने तक रखें तो?" बाईंनी विचारलं.

त्याने झुडपांकडे पुन्हा पाहिलं. "घुटने तक चलेगा."

दुसऱ्या दिवशी विश्राम कोयता घेऊन आला, पण नुसता उभा राहिला. शेवटी बाईंनीच अडुळसा तोडला, कोरांटी छाटली, कळलावीचे वेल उतरवले. कंद मातीत राहू दिले.

त्याच महिन्यात विश्रामच्या गावच्या दोन मजुरांना पंजाबात शेतावर मारलं. तो निरोप घ्यायला आला. "घरवाले बुला रहे हैं, मॅडमजी."

"परत येणार ना?" बाई मराठीतच बोलून गेल्या. त्याला अर्थ कळला. "देखते हैं," तो म्हणाला.

ती दुपार दोघांनी पट्टीत काढली. विश्राम छाटलेल्या झुडपांमधल्या मातीकडे बोट दाखवत चालला, काय कुठे पुरलंय ते सांगत. बाई वहीत नकाशा काढत गेल्या.

पुढची पाच वर्षं दर शनिवारी त्या मुलांना घेऊन पट्टी छाटत. वाईट वाटायचं का, असं नंतर कुणी विचारलं तर म्हणत, "छाटली की कोरांटी जास्त फुटते. आम्ही फांद्या मोजायचो."

१९९३मध्ये पंजाब शांत झाल्यावर शाळेबाहेरची पोलीस चौकी उठली. नव्या मुख्याध्यापकांनी पुढची अर्धी हिरवळ रानफुलांसाठी दिली. बाईंनी विश्रामला पत्रातून ते कळवलं. उत्तर त्याच्या मुलाने लिहिलं होतं: बाबूजींना आता नीट दिसत नाही, शाळेतली त्यांची माळ्याची जागा माझ्या चाचांना मिळेल का?

जागा कधीच भरली गेली होती. बाईंनी तसं लिहून पाठवलं.