अंगणातलं जेवणाचं टेबल

त्या केसची आठवण निघाली की आजही मला एका जागी बसवत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. चिखली तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका वखारीतून सागाच्या फळ्या चोरीला जाऊन पाच महिने झाले होते. आठवड्यावर वरिष्ठांची तपासणी आलेली आणि माझ्या हाती काहीच नाही. व्हरांड्यात नुसत्या येरझारा चालल्या होत्या. अशात वखारीचा राखणदारच खबर घेऊन आला.

"साहेब, अमडापूरकडच्या सुतारानं वकीलसाहेबाले बगिच्यात जेवाचं टेबल करून देल्लं. अस्सल सागाचं! त्या गरिबाजोळ साग आला कुठून?"

घरोघरी पाटावर जेवायचा तो जमाना. उघड्यावर टेबल मांडून जेवणारा वकील म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. मी सुताराला उचलला.

"लाकूड कुठून आणलंस?"

"चोरलं नाही, साहेब. पन कुठलं, ते इचारू नका."

"काऊन बे?"

मान खाली. दोन दिवस हेच. मी ओरडलो, एक थप्पडही मारली. त्या थपडेची मला अजून लाज वाटते. गप्प बसतो तो चोर, हे माझं तेव्हाचं शास्त्र.

तिसऱ्या दिवशी पंचांना घेऊन टेबल जप्त करायला गेलो. चार महिने ते ऊन-पावसात उभं होतं, तरी एक सांधा उकलला नव्हता. माझं डोकं तिथंच अडकलं. वखारीतला माल ओला, त्याच वर्षी कापलेला. तो असा बाहेर ठेवला असता तर पापडासारखा वाकला असता. टेबल उलटं करायला लावलं. खालच्या बाजूला दोरानं झिजून पडलेली खोल खाच होती. मी शेतकऱ्याच्या घरचा. विहिरीवरच्या मोटेच्या दोराची खाच मला कोणी दाखवायला नको होती.

ठाण्यात येऊन सुताराला एवढंच विचारलं, "कोणाच्या विहिरीवरचं?"

तो रडायलाच लागला. "आमच्या गावातल्या मळ्यातली, साहेब. त्या विहिरीत मालकाची सून बुडून मेली. त्याईनं मोट उखडली, लाकूड मले देऊन टाकलं. वीस वर्सं ऊनपानी प्यालेला साग, बाहेरच्या टेबलाले याच्याहून चांगला कुठं भेटन? पन हे कळलं त त्याच्यावर कोनी घास खाईन का? मले काम देईन का?"

विहीरमालकाचा जबाब पंचांसमोर घेतला, तो जुळला. मग चुकीच्या माणसाकडे बोट दाखवणाऱ्या राखणदाराला समोर बसवला. अर्ध्या तासात तो फुटला आणि फळ्या त्याच्याच मेव्हण्याच्या गोठ्यात निघाल्या. तपासणीत मला शाबासकी मिळाली.

पण पंच गावचेच. विहिरीची गोष्ट चार दिवसांत पंचक्रोशीत झाली. वकिलांनी टेबल कुंपणाबाहेर काढलं आणि सुताराकडे लोक साधा पाट करायलाही जाईनात. चोरीतून त्याला मी सोडवलं, त्याच्या पोटावर पायही मीच दिला. गप्प बसलेला माणूस गुन्हाच लपवत असतो असं नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो, पण त्याच्या खर्चानं.

टेबल मी माझ्या अंगणात आणलं. आजही त्यावरच जेवतो. एकदा सुताराला जेवायला बोलावलं. तो आला, वाकून चारही सांधे चाचपले.

"हाललं नाही अजून," म्हणाला, आणि न जेवताच निघून गेला.