‘ऑर्डवे स्ट्रीट’मधली चपराक

वर्ना प्रुइटचा डावा कान १९४७ साली गेला. तो जाताना लाखो लोकांनी तिकीट काढून पाहिला आणि त्यातल्या एकालाही ते कळलं नाही.

ओक्लाहोमाहून हॉलिवूडला आलेल्या पोरी तेव्हा पैशाला पासरी मिळत. वर्ना त्यातलीच एक, तेवीस वर्षांची, गर्दीत उभं राहून पोट भरणारी. ‘ऑर्डवे स्ट्रीट’ नावाच्या गुन्हेपटात तिला नाइटक्लबात लोकांचे कोट सांभाळणारी मुलगी केलं. त्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटांत निम्मा पडदा अंधारातच असे. त्या अंधारातून नायकाचं काम करणारा नट डेन कॉर्लिस येतो, विचारतो, “ती कुणाबरोबर गेली?” मुलगी नुसती मान हलवते, आणि तो तिला एक चपराक ठेवून देतो. एवढंच काम. संवाद नाही, म्हणून श्रेयनामावलीत नावही नाही.

तालमीत कॉर्लिसचा हात गालापासून चार बोटं लांब राहायचा. प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या टेकआधी दिग्दर्शकानं त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. वर्नाला कुणी काही सांगितलं नाही. हात आला तो थेट कानावर. स्टुडिओच्या डॉक्टरनं कानात थेंब घातले आणि दोन दिवसांत बरं वाटेल म्हणाला. दोन दिवसांनी कानात शिट्टी उरली, बाकी सगळं ऐकू येणं संपलं.

पुढची तीस वर्षं तिनं रिसीडा भागातल्या एका ड्रायक्लीनरच्या काउंटरवर काढली. म्हणजे आयुष्यभर लोकांचे कोटच सांभाळले, फक्त थोबाडीत खायचं काम सुटलं. लग्न झालं नाही. “एक होता,” ती सांगायची, “पण तो कायम डावीकडूनच बोलायचा.” लोक हसायचे. तीही हसायची. पण टीव्हीवर तो चित्रपट लागला की उठून भांडी घासायला घ्यायची. आता थोरली विधवा बहीण ओपल तिच्यासोबत राहत होती, आणि ओपलची जीभ म्हणजे कातर.

१९८१ साली एका स्टुडिओचं पत्र आलं. ‘ऑर्डवे स्ट्रीट’ पुन्हा बनवला होता, रंगीत. प्रदर्शनाआधी पॅसाडेनाच्या एका थिएटरात दुपारी लोकांना फुकट दाखवून त्यांची मतं घ्यायची होती. जुन्या चित्रपटातलं जिवंत माणूस शोधता शोधता पगाराच्या जुन्या यादीत वर्नाचं नाव सापडलं होतं. तिनं मंचावर येऊन दोन शब्द बोलावेत, ही विनंती.

“काय बोलशील?” ओपलनं विचारलं.

“जे झालं ते. मला न सांगता मारलं, कान गेला, कुणी साधं सॉरी म्हणालं नाही.”

“बघ हं. तिथं जाऊन शेपूट घालशील.”

“चौतीस वर्षं घशात अडकलंय गं. एकदा बाहेर काढते आणि मोकळी होते.”

नव्या चित्रपटाचा दिग्दर्शक किटरेज हा दाढीवाला, स्वतःवर बेहद्द खूश असलेला गडी होता. त्यानं त्या दुपारी एक गाढवपणा केला. आपला चित्रपट किती पुढे गेलाय हे लोकांना कळावं म्हणून त्यानं आधी जुना दाखवला आणि लगेच नवा. मुलगी दाखवायच्या दिवशी शेजारची देखणी पोर पाणी घेऊन पाठवावी, तसलीच ही अक्कल.

वर्नाच्या शेजारी शेरिल बोमन बसली होती. नव्या चित्रपटातली कोटवाली मुलगी तीच. बसण्यापूर्वी तिनं विचारलं, “मिस प्रुइट, तुम्हाला कुठल्या बाजूनं नीट ऐकू येतं?” आणि उजवीकडे बसली. इतक्या वर्षांत असं आपणहून कुणी विचारलं नव्हतं. वर्नाला पोर आवडली.

जुन्या चित्रपटात चपराक बसली तसं सगळं थिएटर गार झालं. पडद्यावरची मुलगी ओरडतही नाही. तिचा चेहरा अर्धा उजेडात येतो, आणि आता काय झालं ते तिला कळतच नाही, असं तिच्याकडे पाहून वाटतं. वाटणारच, तिला खरंच कळलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्नाला वाटलं होतं, आपल्याला भडभडून येईल. पण टाळ्या ऐकून तिची पाठ ताठ झाली.

नव्यात सगळं झगझगीत. लाल-निळे दिवे, सॅक्सोफोन, सावलीचा पत्ता नाही. कोटवाल्या मुलीला मात्र नाव होतं, लॉरेन, आणि दोन चांगली वाक्यंही. वर्नानं ती वाक्यं बोटांवर मोजली. मग चपराक आली. हात गालाच्या पुढून सफाईनं गेला, आवाज नंतर भरलेला, शेरिलची मान झटक्यात वळली. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, “डास मारला काय रे?” आणि सगळं थिएटर खदखदलं. शेरिल अंधारात मान खाली घालून बसून राहिली.

चित्रपट संपल्यावर लोकांनी मतं लिहिलेली कार्डं गोळा झाली. किटरेजनं चारपाच वाचली, सगळ्यांवर एकच रड: जुनी चपराक खरी, नवी खोटी. त्याचं तोंड पडलं. त्यानं वर्नाला मंचावर बोलावलं. लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेचनात.

“मिस प्रुइट, आता तुम्हीच सांगा,” किटरेज म्हणाला, “त्यानं खरंच मारलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्हाला माहीत होतं?”

इथं ते सगळं बोलायचं होतं. समोर तीनशे माणसं तिच्याकडे मोठ्या अभिनेत्रीकडे पाहावं तशी पाहत होती. खरं बोललं की ती पुन्हा फक्त मार खाल्लेली पोर होणार होती.

“माहीत होतं म्हणजे?” वर्ना म्हणाली. “मीच सांगितलं त्याला. म्हटलं, मारायचंय तर नीट मार, नाहीतर लोक हसतील.”

थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. फक्त सोबत आलेली ओपल हाताची घडी घालून बसली होती. घरी जाताना बसमध्ये ती मुद्दाम बहिणीच्या उजव्या बाजूला बसली आणि म्हणाली, “कान गेला ते ठाऊक होतं. जीभ कधी गेली?”

आठवड्यानं किटरेजचा फोन आला. तेवढा प्रसंग पुन्हा घ्यायचा होता, खऱ्या चपराकीसह. वर्नानं समोर बसून फक्त पाहायचं आणि जमलं की नाही ते सांगायचं. नामावलीत तिचं नाव येणार होतं. वर्ना हो म्हणाली. ओपलला तिनं दंतवैद्याकडे जाते म्हणून सांगितलं.

सेटवर शेरिल स्वतःहून तिच्यापाशी आली. “माझा एजंट नको म्हणत होता. पण तुम्ही स्वतः सांगून चपराक खाल्लीत, मग मी कोण नाही म्हणणारी?”

वर्नानं तिचा हात थोपटला. खरं सांगायला अजूनही एक वाक्य पुरलं असतं. ती म्हणाली, “घाबरू नकोस. अंग सैल सोड.”

नट बिचारा भला होता. पहिल्या टेकला त्याचा हात कचरला. किटरेजनं वर्नाकडे पाहिलं, तिनं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याला चपराक अशी बसली की दिवेवाले सुद्धा चुकचुकले. किटरेजनं पाहिलं. वर्ना म्हणाली, “ती वाट बघतेय हाताची. दिसतंय ते.” तिसरा झाला. चौथा झाला. शेरिलच्या गालावर बोटं उमटली होती आणि ती डोकं एका बाजूला झटकत होती, पोहून आल्यावर कानातलं पाणी काढतात तशी.

मेकअपवाली गालाला बर्फ लावत असताना शेरिल हळूच म्हणाली, “मिस प्रुइट, कानात शिट्टी वाजतेय. तुम्हालाही झालं होतं का असं? थांबतं ना ते?”

वर्नाच्या कानातली शिट्टी या क्षणीही वाजत होती.

“थांबतं गं,” ती म्हणाली. “दोन दिवसांत.”

“मग ठीक आहे,” शेरिल म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला.

कॅमेऱ्यामागून किटरेजनं विचारलं, “मिस प्रुइट? हा चालेल का?”

दुसरा टेकच उत्तम होता. वर्नाच्या स्वतःच्या चपराकीपेक्षाही चांगला होता, आणि तो पाहताक्षणीच तिला ते कळलं होतं.

“जवळपास आलंय,” वर्ना म्हणाली. “अजून एकदा घ्या.”

शेरिलनं गालावर पावडर लावून घेतली आणि ती जमिनीवरच्या आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली.