दादानं दिलेली शुगर

वहिनीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. आलं ठेचून टाकलेला, दोन चमचे साखर घातलेला. साखरेचं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतंय. "रजू, हे गेले गं," एवढंच वहिनी म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. त्या दिवशी दादाला डायलिसिससाठी पनवेलला जायचं होतं, त्याच्या डब्यासाठी लावलेला कुकर. मी कप ओट्यावर ठेवला आणि कुंभिवलीहून निघाले. कर्जतला दादाच्या घरी पोचेपर्यंत डोळ्यांत टिपूस आलं नाही. दारात त्याच्या चपला दिसल्या तेव्हा मात्र मी तिथंच बसले.

मधूदादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तालुक्यातल्या एका शाळेत त्यानं जन्मभर इंग्रजी शिकवलं. मूलबाळ नव्हतं, पण शाळेतली सगळी पोरं त्याचीच. फी, पुस्तकं, चपला, एकाला तर अंगावरचा स्वेटर काढून दिलेला. वहिनी म्हणायची, "घरात येतंय ते मागल्या दारानं जातंय." त्यामुळे सुतकाच्या दहा दिवसांत समाचाराला येणारा प्रत्येकजण एकेक शब्द घेऊन यायचा. दिलदार माणूस. दानशूर. सढळ हाताचा. देवमाणूस. शेलूला नवीन फ्लॅट घेतलेला त्याचा एक जुना विद्यार्थी आला, डोळे पुसत म्हणाला, "ताई, सर म्हणजे एकदम जनरस!" तो शब्द ऐकला आणि मी उठून आत गेले.

कारण दहावीला मीही त्याच्या वर्गात होते, आणि हा शब्द त्यानं कसा शिकवला ते मला लख्ख आठवतंय. नोकरीचं त्याचं पहिलंच वर्ष. फळ्यावर शब्द लिहिला आणि म्हणाला, "अर्थ सांगू नका. माणूस सांगा." एक पोरगा म्हणाला, "जत्रेला जेवण घालतात ते पाटील, सर." दादा म्हणाला, "बरोबर. हा हाताचा जनरस." मागून एकजण ओरडला, "माझी आजी! नको नको म्हटलं तरी भात वाढते!" सगळा वर्ग हसला. "हा ताटाचा जनरस. मापापेक्षा जास्त," दादा म्हणाला. मग म्हणाला, "आणखी एक आहे. समोरच्याला त्याच्या लायकीपेक्षा बरं समजणारा. हा परीक्षेला येत नाही, तरी लिहून घ्या." मी लिहून घेतलं. त्या वयात काय कळतंय? मला वाटलं, पेपर सैल तपासणाऱ्या मास्तरांबद्दल बोलतोय.

आता माझ्या रागाचं सांगते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण हे वाईट नाही, खरं आहे. शिवणक्लास पास झाले तेव्हा बाबांनी मला शिलाई मशीन घेऊन दिलं होतं. पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. मी गल्लीतल्या पोरींचे फ्रॉक शिवायला लागले होते. माझं लग्न ठरलं आणि आठवड्याभरात मशीन घरातून गायब. ठाकूरवाडीतल्या हिराचा नवरा आंब्याच्या झाडावरून पडून गेला होता, पदरात दोन पोरं. दादानं मशीन टेंपोत घालून तिच्याकडे पोचवलं. मला विचारलं? छे! मी आकांडतांडव केलं तर म्हणाला, "अगं, तिला पोटाला हवंय. तुला काय, सासरी घेतील दुसरं." सासरी कसलं घेतात! सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, आमच्या घरातल्या बायका लोकांचे कपडे शिवत नाहीत. तिथून पुढे रिक्षाच्या भाड्यालासुद्धा मी नवऱ्यापुढे हात पसरला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातंय? आणि त्या घरात मी राहत होते. हे मी कधी विसरले नाही. वर्षांमागून वर्षं भाऊबीजेला त्याला ओवाळताना आठवायचं, बोलायचे मात्र नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. वहिनी आपली द्यायला एका पायावर तयार होती, पण तिचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. पनवेलला डॉक्टरांनी माझे पहिले रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, शुगर नाही, बीपी नाही, पुढच्या तपासण्या सुरू करू. आम्ही दोघं बाहेर बाकावर येऊन बसलो. दादाचा चेहरा सुजलेला, पायांवर बोट दाबलं की खड्डा पडायचा. अशा वेळी माणसाला काय आठवावं? मला मशीन आठवलं. लाज वाटते लिहायला, पण तेच आठवलं. मी म्हटलं, "दादा, माझ्याच्यानं नाही होणार."

"भीती वाटते का गं?"

"वाटते. पण तेवढंच नाही... मला द्यावंसंच वाटत नाही."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. मला वाटतं, त्याला ठाऊक होतं. निदान मी तरी तसं धरून चालले. "बरं," म्हणाला, माझ्या हातातला रिपोर्ट घेतला, चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला. स्टँडवर मला वडापाव घेऊन दिला. त्याला त्याचं पथ्य होतं, तो नुसता शेजारी बसला.

घरी वहिनी दारातच उभी होती. आनंदाची बातमी येणार म्हणून तिनं शिरा केलेला, तुपाचा वास ओटीपर्यंत आला होता. आम्ही आत बसलो, तिनं बश्या पुढ्यात ठेवल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "हिला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, हिची चालणार नाही. उलट हिलाच जपायला पायजे." वहिनीनं शिऱ्याची बशी माझ्या पुढ्यातून उचलली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अगो बाई... कधीपासनं गं? आणि तू बोलली पण नाय?" नवऱ्याचा जीव टांगणीला लागलेला आणि ती माझ्यासाठी रडत होती. मग तिनं माझ्यापुरता वेगळा चहा केला, बिनसाखरेचा. मी दादाकडे पाहिलं. तो पेपर वाचत होता. मी तो चहा प्यायले.

त्या एका खोट्यानं मी भावकीत वाचले. नाहीतर सख्ख्या बहिणीनं पाठ फिरवली म्हणून कर्जत-खालापुरात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. उलट जो तो माझीच कीव करायचा. "तुला शुगर नसती तर तू दिलीच असतीस गं, आमाला काय ठाव नाय?" दोन वर्षं त्या घरात माझा चहा वेगळा, दिवाळीला माझ्या ताटात फक्त चकली आणि चिवडा. घरी कुंभिवलीला यायचं आणि दोन चमचे साखर ढवळून चहा प्यायचा, असलं माझं जिणं. मधल्या काळात दादा वाळत गेला. शेवटी शेवटी हातावर सुई टोचायला जागा नव्हती. एकदाच, फक्त एकदाच, वहिनी आत गेलेली असताना माझ्या कपाकडे बघून म्हणाला, "सवय झाली का गं?" मी मान हलवली. तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

तेराव्याला हिरा आली. वाडीवरून चालत, पिकलेल्या केसांची, पाठीला बाक आलेली. मला शोधत स्वयंपाकघरात आली आणि माझे पाय धरायला वाकली. मी मागे सरकले. ती म्हणाली, "तुजं मशीन अजून चालतंय गं बाय. दोनी पोरं त्याच्यावर वाढिवली. सर तवाच बोलले व्हते, माजे बहिनीनं दिलंय तुला, तिचं नाव काढ." वहिनी माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मला तिथं उभं राहवेना. न विचारता त्यानं मला दोनदा मोठ्या मनाची करून ठेवलं होतं, आणि दोन्ही वेळा मी तशी नव्हते. परीक्षेला न येणारा तो तिसरा अर्थ मला तेव्हा कळला, चुलीपाशी उभी असताना, आणि कळून काय उपयोग? ज्याला सांगायचं तो फोटोत जाऊन बसला होता.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा आधी वहिनीला सांगणं भाग होतं. पेपरात वाचून कळलं असतं तर ते आणखी पाप झालं असतं. गेल्या रविवारी गेले. तिनं नेहमीसारखा माझा वेगळा चहा आणून ठेवला. मी म्हटलं, "वहिनी, मला शुगर नाही. कधीच नव्हती. मी नाही म्हटलं होतं दादाला." आणि मग बाकावरचं सगळं सांगितलं, मशीनसकट.

वहिनी दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस बोललीस ते. इतके दिवस नुसती देवावर रागवत होते... आता माणूस तरी हाय समोर."

"वहिनी, मी हे लिहू का?"

"लिही. ते माझ्याशी खोटं बोलले, ते पण लिही. तुझी लाज झाकली, आणि मला दोन वर्षं वेड्यात काढलं."

ती उठली. माझ्या पुढ्यातला कप उचलून मोरीत ओतला. परत आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला, चमच्यामागून चमचा. कप आणून माझ्यासमोर ठेवला आणि दादाच्या खुर्चीत जाऊन बसली.

"पी," ती म्हणाली. "आता या घरात यायचं तर हाच प्यायचा."

मी कप तोंडाला लावला. ती शेवटच्या घोटापर्यंत माझ्याकडे बघत होती.